उपकारस्तुती कशी करावी : मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

प्रार्थनासभेत पाळकसाहेब म्हणतात, "आता दोघातिघांनी उपकारस्तुतीची प्रार्थना करावी," आणि नवीन माणूस एकदम स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागतो. शेजारच्या मावशींनी तोवर डोळे मिटून सुरुवातही केलेली असते, आणि थांबायचं नाव नसतं. त्यांच्याकडे शब्द आहेत, आपल्याकडे नाहीत, असं वाटतं. खरं तर शब्द हा यातला सगळ्यात सोपा भाग. कानावर पडून पडून ते आपोआप येतात, इतके सहज येतात की पुढे त्यांचीच अडचण व्हायला लागते. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं : आभार कशाबद्दल मानायचे, कोणाचे, आणि मानून झाल्यावर काय करायचं. नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांसाठी, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्यांसाठी, आणि लहानपणी संडे स्कूलला जाऊन मग वर्षानुवर्षं चर्चकडे न फिरकलेल्यांसाठी हे लिहितो आहे. प्रोटेस्टंट असा की कॅथलिक, यातलं बहुतेक सगळं दोघांना सारखंच लागू पडेल.

आधी लूक 17 उघडा

लूकचं शुभवर्तमान म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एक. त्याच्या 17व्या अध्यायातली 11 ते 19 ही वचनं सावकाश वाचा. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरचं एक गाव. दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून येशूला हाका मारतात. तो त्यांना हात लावत नाही, औषध देत नाही; "जा आणि याजकांना दाखवा" एवढंच सांगतो. ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. नऊ जण पुढे जातात. एक जण मागे फिरतो, मोठमोठ्याने देवाचं गौरव करत येतो आणि येशूच्या पायाशी पालथा पडतो. तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुदी ज्यांना आपल्यातलं धरत नसत त्यांच्यातला.

त्या नऊ जणांना उपदेशातून फार झोडपलं जातं. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. ते सांगितलेलंच करत होते. मोशेच्या नियमाप्रमाणे याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय कुष्ठरोग्याला वस्तीत परत घेत नसत. घरी जायची घाई कोणाला नसेल? त्यांना आनंद झाला नाही किंवा मनातून कृतज्ञ वाटलं नाही, असं लूक कुठेही म्हणत नाही. तो एवढंच नोंदवतो की एक जण परत आला. येशूही "ते नऊ जण कुठे आहेत?" असं विचारतो; त्यांच्या मनात काय होतं हे विचारत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्या मी इथूनच काढल्या आहेत. हल्ली ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्येसुद्धा रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगतात. सवय चांगली आहे, पण ते पत्ता न घातलेलं पत्र आहे. ख्रिस्ती माणूस देणाऱ्यापर्यंत चालत जातो. त्यासाठी आतून भरून यायलाच हवं असं नाही. "मला काही वाटतच नाही, मग आभार कसे मानू?" असं म्हणून अडून बसू नका. पाय वळवा, वाटायचं ते मागाहून वाटेल, आणि एखाद्या दिवशी नाही वाटलं तरी बिघडत नाही.

पहिली पायरी : रात्रीची पाच मिनिटं

जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिवसाअखेर स्वतःची तपासणी करण्याची एक पद्धत घालून दिली. ती ज्यात आहे त्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. पद्धत पाच टप्प्यांची आहे : मिळालेल्या कृपांबद्दल आभार, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून प्रकाशाची मागणी, मग दिवसाची झडती, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. बघा, पापांचा हिशोब तिसरा येतो, आभार पहिले येतात. आपण बहुतेक जण उलटं करतो. उशीला डोकं टेकलं की आज काय चुकलं तिथूनच सुरुवात, आणि मग प्रार्थना संपेपर्यंत आपण स्वतःशीच बोलत राहतो.

सुरुवातीला पाचही टप्पे करायला जाऊ नका. पहिला पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी उठल्यापासून दिवस क्रमाने आठवत या आणि एकच गोष्ट निवडा, जिला जागा आहे, वेळ आहे आणि शक्यतो माणूस आहे. "प्रभू, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल तुझे उपकार मानतो" हे वाक्य खोटं नाही, पण ते झोपेतही म्हणता येतं. त्याऐवजी असं :

"प्रभू, आज दुपारी बँकेत बाबांना रांगेत उभं राहवत नव्हतं. त्या शिपायाने कोणी न सांगता आतलं स्टूल आणून दिलं. त्याबद्दल तुझे उपकार मानतो. त्याच्या घरी सगळं बरं असू दे."

शेवटचं वाक्य मुद्दाम बघा. नेमकी गोष्ट आठवली की नेमका माणूस आठवतो, आणि आभाराची प्रार्थना आपोआप त्याच्यासाठीची विनंती होते. ढोबळ आभारातून असं काही निघत नाही.

काही सापडलंच नाही तर? अशा दिवशी बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाचा 11वा अध्याय वाचा. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, मिळत होता आणि ते मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवून रडत होते. (लसणाशिवायच्या जेवणाबद्दल कोणाही मराठी माणसाला त्यांची दया यावी.) पण तिथे गुलामी होती हे ते सोयीस्कर विसरले होते. काही सापडत नाही तेव्हा बहुधा तीच गोष्ट नजरेआड झालेली असते जी आजही न चुकता आली : नळाला पाणी, वेळेवर आलेली बस, रागावूनही डबा भरून देणारी व्यक्ती. तिचंच नाव घ्या.

वहीत तारीख घालून एक ओळ लिहिलीत तर पुढच्या पायरीला उपयोगी पडेल. लिहिण्याचा कंटाळा असेल तर सोडून द्या, त्यावाचून अडत नाही.

दुसरी पायरी : घरचं 136वं स्तोत्र

136व्या स्तोत्रात 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ : "कारण त्याची दया सनातन आहे." पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो, कबूल. पण ते एकट्याने मनात वाचण्यासाठी रचलेलं नसावं. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं, भजनासारखं म्हणून बघा, लगेच जिवंत होतं. आकाश, पृथ्वी, सूर्य-चंद्र, मग मिसरातून सुटका, समुद्र, रान, सीहोन आणि ओग हे राजे, आणि शेवटाजवळ एकदम साधी गोष्ट : तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. सृष्टीची निर्मिती आणि रोजची भाकरी एकाच पालुपदाखाली.

असंच तुमच्या घराचं स्तोत्र लिहा. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवा, एक कागद घ्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. ओळी अशा येतील :

दुष्काळात आजोबांनी गाव सोडलं, नगरला त्यांना काम मिळालं,
कारण त्याची दया सनातन आहे.
आईचा ताप उतरेना त्या रात्री समोरच्या नर्सताई उठून आल्या,
कारण त्याची दया सनातन आहे.
खोली सोडावी लागली, सामान पावसात भिजलं, मामांनी ओटा मोकळा करून दिला,
कारण त्याची दया सनातन आहे.

तिसऱ्या ओळीत दुःख तसंच ठेवलं आहे, ते खोडू नका. मूळ स्तोत्रातही 23व्या वचनात "आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली" अशा अर्थाची ओळ आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपुढे येतो तेव्हा तोही कुळाची कहाणी सांगतो, आणि ती सुरू होते भटक्या अरामी पूर्वजापासून, मिसरातल्या छळातून जाते, आणि मग टोपलीपाशी येते. टोपली पुढे करायच्या आधी तिथवर कसे पोचलो हे सांगायचं, असा तो विधीच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना इथे एक प्रश्न पडतो : बाप्तिस्म्याच्या आधीची वर्षं यात घालायची का? जरूर घाला. तुम्ही त्याला ओळखत नव्हता तेव्हाही जेवलातच ना.

तिसरी पायरी : ताटावर

जेवणाआधीची प्रार्थना बहुतेक घरांत असतेच, आणि मुलं ती एका श्वासात उरकतात. उरकू द्या. फक्त रोज एका जणाने एक हात जोडावा, म्हणजे आज ताटात आलेलं ज्यांच्या हातून आलं त्यांतला एक : भाजीवाली, मच्छीवाली, कांदे भरलेल्या टेंपोचा ड्रायव्हर, स्वयंपाक करणारी. अनुवाद 8:10 मध्ये तर जेवून तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करायला सांगितलं आहे. भुकेल्या पोटी आभार मानणं सोपं. ढेकर दिल्यावर लोक विसरतात, हे मोशेला चांगलं माहीत होतं. दोन्ही वेळा केलंत तर उत्तम.

चौथी पायरी : माणसांकडेही परत जा

देवाचे आभार मानले म्हणजे माणसांचे मानायची गरज नाही, अशी एक भक्तिमय पळवाट मंडळीत दिसते. "मला नको, प्रभूला गौरव द्या" असं मदत करणाऱ्याने म्हणावं, ते शोभतं. मदत घेणाऱ्याने म्हणणं म्हणजे फुकटेपणा. सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाकडे बघा. रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय म्हणजे जवळजवळ नावांचीच यादी आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, म्हणून तो त्यांचे उपकार नाव घेऊन मानतो. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना तो कैदेत होता. तिथल्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, आणि चौथ्या अध्यायात त्याने त्याची पोच दिली आहे. ती वाचण्यासारखी आहे. तुम्ही पाठवलंत, ते पोचलं, आधीही कधी कधी पाठवलं होतं तेही लक्षात आहे, असं सगळं त्यात आहे, आणि लाचारी कुठेच नाही.

आपल्याकडे अडचण अशी की घरात आभार मानले की परकेपणा वाटतो. आईला "थँक्यू" म्हटलं तर ती विचारते, "बरं आहे ना तुझं?" तेव्हा "आभार" हा शब्द काढूच नका. केलेलं नेमकं सांगा : "बारावीला तू रोज पहाटे उठून माझ्याबरोबर बसायचीस, ते मला आठवतं." एवढं सांगून विषय बदलला तरी चालेल. बाहेरच्या माणसांसाठी दर आठवड्याला एक फोन ठरवा. जुने शिक्षक, पहिली नोकरी लावून देणारे काका, तुम्हाला पहिल्यांदा चर्चमध्ये घेऊन आलेली व्यक्ती. या शेवटच्या व्यक्तीला बहुतेक जण विसरतात.

इथे पाय घसरतो

पहिली घसरण लूक 18 मध्ये आहे. मंदिरात उभा असलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला यहुदी, आभारच मानत असतो, की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. त्याच्या प्रार्थनेचं व्याकरण अगदी उपकारस्तुतीचं आहे. आपणही मुलांना सांगतो, "फुटपाथवरची पोरं बघ, तुला काय काय मिळालंय." असे आभार दुसऱ्याच्या कमनशिबावर उभे राहतात. ज्याच्याकडे पाहून तुम्हाला धन्य वाटलं त्याच्यासमोर तीच प्रार्थना मोठ्याने म्हणता येईल का, हे विचारा. येत नसेल तर ती टाकून द्या.

दुसरी म्हणजे नवसाचा हिशोब. आपण सगळे नवस बोलणाऱ्या आणि फेडणाऱ्या मुलखातले. बांद्र्याला सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते तेव्हा मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ती अर्पण करणाऱ्यांमागे केवढी काळजी आणि केवढा विश्वास असतो हे पाहणाऱ्याला कळतं, त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. प्रश्न क्रमाचा आहे. "तू हे कर, मग मी ते करीन" यात देवाला कामाला लावलेलं असतं, आणि काम झालं नाही की आभारही रद्द. 1563 सालच्या हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या पुस्तकात, ख्रिस्ती शिकवणीचे तीन भाग केले आहेत : माणसाचं दैन्य, त्याची सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा त्यात तिसऱ्या भागात येतात. निर्गम 20 मध्येही आज्ञांच्या आधी "मी तुला मिसरातून काढलं" हे येतं. सुटका आधीच झाली आहे, आता कसं जगायचं ते बघू, असा हा हिशोब. नव्या माणसाला हा उलटा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि जुन्यांनाही तो पूर्ण पडलेला असतो असं नाही.

तिसरी घसरण सगळ्यात जास्त दुखावणारी. कोणाचं मूल गेलं, कोणाचा कॅन्सर परत आला, आणि भेटायला आलेले दारातच म्हणतात, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, 1 थेस्सलनीकाकरांस 5:18." वचन बरोबर आहे. वेळ चुकीची आहे आणि तोंडही चुकीचं आहे. पौल ते स्वतः मार खाल्लेला माणूस म्हणून लिहितो. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गात होते, पण दुसऱ्या कोणा कैद्याला "गा" असं त्यांनी सांगितल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत नाही. शिवाय त्या वचनात प्रत्येक स्थितीत आभार मानायला सांगितलं आहे, प्रत्येक वाईट गोष्टीबद्दल नव्हे. इफिसकरांस 5:20 मध्ये तो त्याहून पुढे जातो, सर्व गोष्टींबद्दल आभार मानायला सांगतो, आणि त्या वचनाशी झगडायला आयुष्य पडलं आहे. नव्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत.

मग दुःखात काय करायचं? आधी रडायचं. बेथानीत आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि मग धोंड काढल्यावर, लाजर बाहेर यायच्या आधी, त्याने पित्याचे आभार मानले. हे दोन्ही योहान 11 मध्ये काही वचनांच्या अंतरावर आहे, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही. स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं भरपूर आहेत. 13वं स्तोत्र "किती वेळ?" असं चारदा विचारतं आणि सहाव्या वचनात गाण्यावर येतं. 88वं मात्र येत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या रात्री 88 जवळचं वाटतं त्या रात्री 88 म्हणा. ओढूनताणून काढलेली उपकारस्तुती देवाला लागते असं समजू नका.

जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावाचा पाळक मार्टिन रिंकार्ट याने 1637च्या प्लेगात हजारो लोकांना मूठमाती दिली, त्यात त्याची पत्नीही होती. त्याचं आभाराचं गीत आज जगभरच्या मंडळ्यांत मोठ्या थाटात, उभं राहून म्हणतात. ते मुळात घरच्या जेवणाच्या वेळची छोटी प्रार्थना म्हणून लिहिलेलं होतं. म्हणूनच तिसऱ्या पायरीला कमी लेखू नका.

पाचवी पायरी : हाताने

लेवीय 7 मध्ये उपकारस्तुतीच्या यज्ञाचा एक मजेशीर नियम आहे. त्याचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. सोबत वेगवेगळ्या भाकरीही. एक कुटुंब एवढं खाणार कसं? शेजारीपाजारी बोलवावेच लागत असणार. आभार मानायचे तर पंगत वाढवावी लागते, ती अशी.

आपल्या मंडळ्यांत हे अनेक रूपांत चालू आहे. वाढदिवसाला, नोकरी लागल्यावर, ऑपरेशन पार पडल्यावर पाकिटात घालून दान देतात आणि उपासनेत त्याची घोषणा होते. आकडा सांगायची गरज नसते. कारण सांगितलंत तर मंडळीला तुमच्या आनंदात येता येतं. ग्रामीण भागात सुगीच्या सणाला ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, जिवंत कोंबडीसुद्धा वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. नवे असाल तर या दिवशी जरूर जा. एका भोपळ्यासाठी दोन काका हट्टाने बोली चढवत नेतात, आणि जिंकलेला तो भोपळा शेवटी तिथल्याच विधवा आजीला देऊन टाकतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिकांत ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. गोव्यात कणसाचं फेस्त ऑगस्टात. सासष्टीतल्या राय गावी ते 5 ऑगस्टला होतं.

शहरात शेत नाही, पगार आहे. नव्या पगारवाढीचा पहिला महिना, पहिल्या कमाईचा काही भाग, असं काही बाजूला काढा. 2 करिंथ 9 मध्ये पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना सांगतो की या देण्यामुळे घेणाऱ्यांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती निघेल. म्हणजे तुमचे आभार दुसऱ्याच्या घरात जाऊन पुन्हा आभार होतात. देताना फोटो काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि पाळकसाहेबांनी तुमच्याकडे पाहिलं तर

आतापर्यंत वहीत किंवा डोक्यात आठवड्याभराच्या काही गोष्टी जमल्या असतील. त्यांतली एक घ्या. प्रार्थना तीन वाक्यांची पुरते : प्रभूला हाक, नेमकी गोष्ट, "येशूच्या नावाने मागतो, आमेन." मावशींसारखी लांब करायची नाही. शब्द अडले तर गीतपुस्तकातलं एखादं भजन सुरू करा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला टाळ-मृदंगाच्या चालीवर प्रभूचे गुण गायला शिकवलं ते अशाच माणसांच्या कामी यावं म्हणून, असं मी धरून चालतो.

साक्ष द्यायला उभं केलं तर थोडी जास्त तयारी हवी. आधी कुठे होतात, काय झालं, आता कोणाचे आभार, या क्रमाने चार-पाच मिनिटं. पूर्वायुष्य रंगवून सांगू नका. घरच्यांच्या आजाराची, भांडणाची, कर्जाची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय माइकवर आणू नका, सासरच्यांची तर मुळीच नको. ज्या डॉक्टरने, ज्या शेजाऱ्याने मदत केली त्यांचा उल्लेख करा, ते ख्रिस्ती नसले तरी. प्रार्थना मान्य झाली म्हणून सांगताना लक्षात ठेवा की मागच्या बाकावर कोणीतरी तीच प्रार्थना केलेली आणि उत्तर न मिळालेली व्यक्ती बसलेली असू शकते. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी तिला शोधा, शेजारी बसा, आणि आधी तिचं ऐकून घ्या.